बी शिफ्टचा सायरन

कर्णिक साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "ऑर्केस्ट्रावाले येत नाहीत."

मी त्यांच्या टेबलापुढे रजेचे अर्ज घेऊन उभी होते. कंपनीचा ॲन्युअल डे तीन आठवड्यांवर आला होता.

"मुख्य गायक दुबईला गेलाय. त्याच्याऐवजी मिमिक्रीवाला गाईल म्हणतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मिस टिपणीस, तुम्ही इंग्लिश मीडियमच्या. गाण्याबिण्यातलं तुम्हाला कळत असेल."

आमच्या शाळेत नन्स प्रार्थना म्हणून घेत. गाण्याबिण्यातलं माझं शिक्षण तेवढंच होतं. पण मी "येस सर" म्हटलं. मी बहुतेक वेळा तेच म्हणत असे.

"मग बघा काहीतरी. डायरेक्टर साहेब मुंबईहून येणार आहेत, मिसेसना घेऊन. हा कार्यक्रम नीट झाला तर तुमच्या कन्फर्मेशनचं मी बघतो. नाही झाला, तर मला काही बघता येणार नाही."

कन्फर्मेशन म्हणजे नोकरी पक्की होणं. तोवर माणूस प्रोबेशनवर असतो. कंपनी त्याला बघत असते आणि तो कंपनीला. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत पर्सोनेल डिपार्टमेंटमध्ये ट्रेनी होते. पर्सोनेल म्हणजे माणसांचं खातं. भरती, रजा, पाळ्या, बस, कँटीनच्या डाळीत पाणी किती, सगळं आमच्याकडे. कर्णिक साहेब माझे मॅनेजर. त्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार होती, आणि ती त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. "तुम्ही बोलत नाही. पर्सोनेलमध्ये न बोलून कसं चालेल?"

मला नोकरी हवी होती. पेणला घरी बसले असते तर स्थळं बघायला सुरुवात झाली असती.

मी पेणहून कंपनीच्या बसने येत असे. ड्रायव्हरच्या मागची सीट माझी. बसमध्ये मी बोलत नसे, त्यामुळे ऐकत असे. आणि मागच्या सीटवर रोज जे चालायचं, त्याला कंपनीत कोणी संगीत म्हणत नव्हतं, पण मला ते ओळखीचं वाटायचं.

हॉस्टेलमध्ये माझ्या रूममेटकडे कॅसेटी होत्या. त्यांत सोल-जाझ होतं. जाझ म्हटलं की लोकांना काहीतरी अवघड वाटतं. सोल-जाझ त्यातलं सगळ्यांत माणसाळलेलं. खाली एक ठेका असतो, तो सोडत नाहीत, ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो. वर ऑर्गन आणि सॅक्सोफोन गप्पा मारल्यासारखे वाजतात. ठेक्याची ती पक्की बसलेली चाल, तिला वाजवणारे ग्रूव्ह म्हणतात. हिप-हॉप त्याच्यापेक्षा नवीन. त्यात गात नाहीत, ठेक्यावर यमकं जुळवत बोलतात, नळावर भांडल्यासारखं. परदेशात त्या वेळी काही बँड जुने ग्रूव्ह घेऊन त्यांच्यावर हिप-हॉप करायला लागले होते. ही बातमी धाटावपर्यंत आली नव्हती. तरी आमच्या बसमध्ये ते सुरू होतं.

डबा उलटा करून ठेका धरायचे डॉमनिक काका. मेंटेनन्समधले फिटर. तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात ड्रम वाजवायचे. हॉटेलने बँड बंद केला तेव्हा पाइपफिटिंग शिकले. बोटीवरच्या लोकांकडून घेतलेल्या जुन्या रेकॉर्डी त्यांच्याकडे होत्या, आणि त्यांतला प्रत्येक ठेका त्यांच्या बोटांत होता. सॅक्सोफोन बाळारामचा. तो बॉयलर अटेंडंट, पण घरचा पेणमध्ये लग्नाचा बँड. वरातीत वाजवायची सवय असल्यामुळे त्याला हळू वाजवता येत नसे, आणि थांबता तर मुळीच येत नसे. लॅबमधल्या सुहासकडे मस्कतच्या मेहुण्याने पाठवलेला कीबोर्ड होता. त्यात ऑर्गनचा आवाज निघायचा. आणि बोलायचा तो रमेश, पॅकिंगमधला. वडखळच्या पलीकडे खाडीकाठी त्याचं गाव, वडील मिठागरात. रमेश बसमध्ये चढायचा तोच यमक जुळवत.

हे सगळे पूर्वी बी शिफ्टला, म्हणजे दुपारच्या पाळीला, एकत्र होते. म्हणून बँडचं नाव 'बी शिफ्ट'. हे नाव फक्त त्या चौघांना माहीत होतं.

वडखळपासून नागोठण्यापर्यंत मी मनात वाक्य तयार केलं. मग उठून मागे गेले.

"डॉमनिक काका, ॲन्युअल डेला वाजवाल?"

डब्यावरचा हात थांबला. "कोनाचा गो बाय?"

"कंपनीचा."

"आनि ऑर्केस्ट्रा?"

"दुबईला गेला."

रमेश माझ्याकडे बघत होता. "मॅडम बोलतान रं," तो बाळारामला म्हणाला. "मना वाटलं यांना कंपनीनी बोलाची परमिशन दिली नाय."

"अजून दिली नाही," मी म्हटलं. "कार्यक्रम झाला तर देतील."

चौघं हसले. मग डॉमनिक काकांनी विचारलं, नीट झाला नाही तर माझं काय होईल. मी सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला. रमेशला म्हणाले, "मग शिव्या काढ त्यातल्या. सगल्या."

कर्णिक साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. "आपलेच कामगार? त्यांना तर लोक रोज बघतात."

"वाजवताना बघत नाहीत, सर."

"काय वाजवतात?"

"सोल-जाझ. हिप-हॉपबरोबर."

त्यांनी थोडा विचार केला. "इंग्लिश आहे?"

"मधे मधे."

"मग चालेल. डायरेक्टर साहेबांना आवडेल."

माझा पहिला प्रश्न संगीताचा नव्हता, रिलीव्हरचा होता. रिलीव्हर म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस. चालू बॉयलर सोडून जाता येत नाही, दुसरा अटेंडंट येऊन उभा राहीपर्यंत पहिल्याने हलायचं नसतं. ॲन्युअल डेच्या दिवशी बाळाराम ड्यूटीवर येत होता, आणि त्या दिवशी कोणालाच ड्यूटी नको होती, कारण जेवणात आइस्क्रीम होतं. शेवटी बाळारामचा चुलतभाऊ तयार झाला. तोही अटेंडंट. तो म्हणाला, "मी त्याचं वाजवनं जन्मापासून ऐकतोय. बॉयलर बरा."

रिहर्सलला जागा मिळाली जोह्याला. रमेशच्या मेहुण्याचा तिथे गणपतीचा कारखाना. रविवारी मी पेणहून बस धरून गेले. शेडमध्ये फळ्यांवर पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती ओळीने बसलेल्या, आणि त्यांच्यासमोर हे चौघं. पहिल्याच गाण्याला डॉमनिक काकांनी ड्रमवर जोर दिला तशी वरच्या फळीवरची मूर्ती पुढे सरकली. मेहुणा रंगाचा ब्रश घेऊन मधे उभा राहिला.

"काका, देवाला उठवू नको. हलू वाजव, नायतर भायेर जाऊन वाजव."

मग सगळ्यांनी हळू वाजवलं. बाळारामलासुद्धा जमलं. त्याने सॅक्सोफोनच्या तोंडात फडकं कोंबलं. सुहासने कीबोर्ड स्पीकरला न जोडता त्याच्याच बारक्या आवाजावर ठेवला. रमेशच्या गाण्यात मधे त्याने एक बटण दाबलं आणि सायरनसारखा आवाज काढला. परदेशी कॅसेटींमध्ये असतो म्हणे. तिथे तो चावीच्या खेळण्यातल्या गाडीसारखा वाटला. मेहुणा म्हणाला, "पिपाणी बरी वाजवतंस." शेडमधले आम्ही पाचही जण कंपनीत सायरन ऐकणारे होतो. कोणाच्याही मनात काही आलं नाही.

पुढे सेफ्टी ऑफिसर दळवी साहेबांची तपासणी. दळवी साहेब पूर्वी अग्निशमन दलात होते. त्यांनी मांडवाचं कापड चिमटीत धरून बघितलं, वायरी मोजल्या, खुर्च्यांमधली वाट स्वतः चालून पाहिली. मला विचारलं, "स्टेजवर आग? फटाके?"

"नाही सर."

"धूर?"

"नाही सर."

"उड्या?"

"रमेश थोडा हलतो."

"हलू दे." त्यांनी सही केली. आवाजाबद्दल विचारायचं त्यांच्या चेकलिस्टमध्ये नव्हतं.

ॲन्युअल डे कँटीनसमोरच्या मैदानावर होता, म्हणजे गेटच्या आत. संध्याकाळी उजेड असतानाच सुरू झाला. रोहा, पेण, नागोठणे, सगळीकडून बसने कुटुंबं आली होती. पहिल्या रांगेत सोफे. त्यांवर डायरेक्टर साहेब आणि त्यांच्या मिसेस, जनरल मॅनेजर म्हणजे जीएम साहेब आणि त्यांच्या मिसेस, कर्णिक साहेब, आणि अकाउंट्स, परचेस असे बाकीचे मॅनेजर. त्यांच्यामागे खुर्च्या, खुर्च्यांमागे जाजमं. एका बाजूला कोकम सरबताची पिंपं. मी स्टेजच्या कडेला, पडद्याशेजारी उभी होते. तिथून सगळे दिसतात आणि आपण कोणाला फारसे दिसत नाही.

पहिलं गाणं लोकांनी शांतपणे ऐकलं. टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळत नव्हतं. मागून कोणीतरी विचारलं, "बाळाराम, नवरा कुठाय?" दुसऱ्या गाण्याला पाय हलायला लागले. जाजमावरच्या बायका ठेक्यावर माना हलवत होत्या, आणि बाळारामला मोकळं मैदान मिळाल्यामुळे त्याने फडकं काढून टाकलं होतं.

डायरेक्टर साहेब सोफ्यात पुढे सरकून बसले. ते तरुणपणी चर्चगेटच्या हॉटेलांत जाझ ऐकायला जात. त्यांनी कर्णिक साहेबांकडे वाकून विचारलं, "कर्णिक, हे लोक कुठून आणले?"

"आपलेच आहेत, सर."

"आपले?"

"मेंटेनन्स, बॉयलर, लॅब आणि पॅकिंग."

डायरेक्टर साहेबांनी हसून मान डोलावली. कर्णिक साहेबांनी पडद्याकडे, माझ्या दिशेने, बघितलं आणि अंगठा वर केला. त्यांना अंगठा वर करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिसरं गाणं रमेशचं. त्याने माइक हातात घेतला आणि ठेका धरून सुरुवात केली:

"वरखलचे नाक्यावर वाजलं सा,
यष्टी आली भरून, उबा रा,
यक पाय दारान, यक पाय भायेर,
कंडक्टर बोलतंय, सासरचा आयेर?"

मांडव हसला. ज्याला त्याला आपली एसटी आठवली. रमेशला जोर चढला. तो पुढे सरकला, सुहासकडे हात केला, आणि सुहासने बटण दाबलं.

जोह्यात कीबोर्डचा आवाज पिपाणीएवढा होता. इथे तो मांडववाल्याच्या लग्नाच्या स्पीकरमधून आला. चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि समोरच्या प्लॅन्टवर आपटून परत आला.

केमिकल कंपनीत दोन सायरन असतात. सरळ, एका पट्टीतला लांब सायरन म्हणजे सगळं ठीक आहे, कामावर परत या. त्याला ऑल क्लिअर म्हणतात. चढ-उताराचा सायरन म्हणजे गॅस सुटलाय. तो ऐकला की काय करायचं, हे धाटावमध्ये शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. आधी विंड सॉककडे, म्हणजे उंच खांबावरच्या कापडी पिशवीकडे बघायचं. ती वाऱ्याची दिशा दाखवते. नाकावर ओलं फडकं धरायचं. वाऱ्याला आडवं चालत असेंब्ली पॉइंटला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. धावायचं नाही, ओरडायचं नाही, वस्तू घ्यायला थांबायचं नाही.

अख्खा मांडव उठला. कोणी ओरडलं नाही. सगळ्यांच्या माना एकदम खांबाकडे वळल्या. बायकांनी मुलं उचलली, आणि पाणी जवळ नसल्यामुळे वाटेतल्या कोकम सरबताच्या पिंपात पदर बुडवले. पुरुषांनी रुमाल बुडवले. आणि ते नाकाला लावून सगळे रांगेने स्कूटर स्टँडच्या मागे असेंब्ली पॉइंटकडे चालायला लागले. मी एवढी शिस्त कँटीनमध्ये कधी पाहिली नव्हती.

बँडमधले आधी गेले ते डॉमनिक काका. त्यांनी काठ्या खाली ठेवल्या, झांज हाताने थांबवली आणि उतरले. वीस वर्षांची सवय. मग रमेश, यमक अर्धं टाकून. बाळाराम वाजवतच होता. दोन सूर पुढे गेल्यावर त्याला काय चाललंय ते कळलं, आणि तो सॅक्सोफोन गळ्यात तसाच ठेवून खाली उतरला. राहिला सुहास. आवाज आपण काढलाय हे फक्त त्यालाच पक्कं ठाऊक होतं. तो बटणं दाबत होता, पण घाबरून चुकीची दाबत होता, त्यामुळे सायरन बंद न होता त्याच्याखाली आणखी एक ठेका सुरू झाला.

आणि पहिल्या रांगेतून कोणीही उठलं नाही.

आमच्याकडे वर्षातून बऱ्याच वेळा मॉक ड्रिल व्हायची, म्हणजे गॅस सुटल्याची रंगीत तालीम. कामगार यायचे. ऑफिसर लोकांची त्या वेळी मीटिंग असायची. दर वेळी असायची. त्यामुळे त्यांना चढ-उतार आणि सरळ यांतला फरक ऐकून माहीत नव्हता. शिवाय सोफ्यावर बसलेल्या माणसाला मागे काय झालं ते दिसत नाही, आणि मागे वळून बघणं बरं दिसत नाही. ते समोर बघत होते. त्यांच्या दृष्टीने एकेक वादक उठून गेला आणि एकट्या ऑर्गनला मोकळी जागा मिळाली. जाझमध्ये असं असतं. डायरेक्टर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या सोफ्यांनी वाजवल्या.

मला सुहासचं बोट दिसत होतं. आवाज कुठून येतोय ते मला कळलं होतं. सोफ्यांपाशी जाऊन कर्णिक साहेबांच्या कानात सांगणं, हा एक रस्ता होता. दुसरा इमर्जन्सी प्लॅनमध्ये लिहिलेला होता: पर्सोनेल ट्रेनीने बाहेरून आलेल्या लोकांची मोजणी करायची. बाहेरून आलेले लोक, सगळी बायकामुलं, स्कूटर स्टँडकडे चालली होती. मी रुमाल सरबतात बुडवला आणि त्यांच्यामागे गेले.

असेंब्ली पॉइंटला दळवी साहेब आधीच पोचले होते. बसच्या याद्या माझ्या पर्समध्ये होत्या. मी मोजणी केली. कुटुंबं पूर्ण. कामगारांची मोजणी सुपरवायझरांनी केली. तीही पूर्ण, एक सुहास सोडून. सगळ्यांची नाकं गुलाबी झाली होती. मी दळवी साहेबांजवळ गेले.

"सर, तो कीबोर्डचा आवाज होता."

"मोठ्याने बोला."

"कीबोर्डचा होता, सर. सुहासच्या. मी बघितलं."

त्यांनी रुमाल नाकावरून थोडा खाली घेतला. "कीबोर्डचा वाजला हे तुम्ही बघितलंत. त्याच वेळी शेजारच्या कंपनीतला वाजत नव्हता, हे बघितलंत?"

"नाही सर."

"मग मी फोन करून विचारीपर्यंत तो खरा आहे. आणि निघालेल्या माणसांना अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलं, की पुढच्या वेळी ती निघत नाहीत. मोजणी पूर्ण?"

मी याद्या पर्समध्ये ठेवल्या. मग ज्याच्यासाठी मला पगार मिळत होता ते बोलले. "नाही सर. जीएम साहेब आलेले नाहीत. डायरेक्टर साहेब, दोन्ही मिसेस, कर्णिक साहेब आणि बाकीचे मॅनेजर. ते सोफ्यावर आहेत."

"सुहास?"

"तो स्टेजवर आहे."

मोजणी अपुरी असली की ऑल क्लिअर देता येत नाही. राहिलेल्या माणसांना आणायला रेस्क्यू टीम जाते. टीमचा लीडर गणपत, रोह्याजवळच्या गावचा ऑपरेटर. त्याला आयुष्यात खरा रेस्क्यू मिळाला नव्हता. त्याने पाठीवर हवेची टाकी बांधली, तोंडावर मास्क चढवला, आणि तीन माणसं आणि एक स्ट्रेचर घेऊन निघाला.

पुढचं मला सुहासने सांगितलं. मास्क लावलेली चार माणसं स्टेजच्या बाजूने आली तेव्हा सोफ्यांवर पुन्हा टाळ्या पडल्या. डायरेक्टर साहेबांना वाटलं, आता डान्स. जीएम साहेबांना तसं वाटलं नाही, कारण गणपतने थेट त्यांच्या दोन्ही बगलांत हात घातले.

"अरे, काय करतोस? मी जीएम आहे."

गणपत मास्कमधून काहीतरी म्हणाला. ते कोणाला कळलं नाही. गॅस लागलेला माणूस बडबडतो, त्याच्याशी वाद घालायचा नाही, सरळ उचलायचा, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. त्याने जीएम साहेबांच्या नाकावर कोकम सरबतात भिजवलेला टॉवेल दाबला आणि त्यांना स्ट्रेचरवर आडवं केलं. साहेबांनी पांढरा सफारी घातला होता. ते पाहून बाकीचे मॅनेजर आपले आपण उठले आणि बरेच जोरात चालायला लागले. मिसेस डायरेक्टरांचा गुडघा दुखत होता. त्यांना दोघांनी सोफ्यासकट उचललं. डायरेक्टर साहेब सोफ्याबरोबर चालत होते आणि त्यांना सांगत होते, "हे लोक फार मेहनत घेतात."

शेवटी सुहासने कीबोर्डचा प्लगच ओढला आणि तोही त्यांच्यामागे निघाला. स्ट्रेचर स्कूटर स्टँडला पोचलं तेव्हा छातीवर लाल डाग बघून एक बाई रडायला लागली. जीएम साहेब उठून बसले. मांडवातले सगळे लोक तिथे गुलाबी नाकांनी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पहिल्यांदाच वळून मागे, रिकाम्या मांडवाकडे, बघितलं. कर्णिक साहेबांनी माझ्याकडे बघितलं. अंगठा नव्हता.

"मोजणी?" दळवी साहेबांनी विचारलं.

"पूर्ण, सर," मी म्हटलं. मोठ्याने.

शेजारच्या दोन्ही कंपन्यांचे फोन आले. त्यांच्याकडे काहीच नव्हतं. मग सरळ सायरन झाला, खरा. बाळारामने त्याची पट्टी ऐकली, सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि त्याच पट्टीत वाजवत मांडवाकडे निघाला. वरातीचा माणूस. लोक त्याच्यामागे चालत परत आले आणि आपापल्या जागी बसले. कार्यक्रम पुढे झाला. दळवी साहेब शेवटपर्यंत सुहासच्या मागे उभे होते, एक हात कीबोर्डच्या प्लगवर ठेवून. रमेशने सायरनच्या जागी तोंडाने "आता गप ऱ्हावा" असं घातलं, आणि त्याला सगळ्यांत जास्त हशा मिळाला. जीएम साहेब आइस्क्रीमसाठी थांबले नाहीत.

सोमवारी मला जीएम साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. कर्णिक साहेब आणि दळवी साहेब आधीच बसले होते. मला कोणी बसायला सांगितलं नाही.

"आवाज कीबोर्डचा आहे, हे तुम्हाला कळलं होतं?" जीएम साहेबांनी विचारलं.

"हो सर."

"तरी तुम्ही गेलात."

"हो सर."

"आम्हाला न सांगता."

बसमध्ये मी या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. ते बरंच लांब आणि नम्र होतं. ते मला आठवलं नाही.

"सायरन वाजला होता, सर," मी म्हटलं. "तो सगळ्यांनाच ऐकू आला होता."

कर्णिक साहेब खोकले. दळवी साहेब खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या मिशा हलल्या. जीएम साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "मॅनेजरांपैकी एकही असेंब्ली पॉइंटला नव्हता?"

"दळवी साहेब होते."

"ते सोडून."

"मी ट्रेनी आहे, सर. माझी गणती होत नाही."

त्यांनी मला जायला सांगितलं. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. बसमध्ये कोणी डबा वाजवला नाही. सुहास वडखळपर्यंत माझी माफी मागत होता, खरं तर तो नागोठण्याला उतरायचा.

डायरेक्टर साहेबांचा मुंबईहून फोन आला तो दुसऱ्या दिवशी. कुटुंबांसकट मॉक ड्रिल, तीसुद्धा कार्यक्रमाच्या मधे, ही कल्पना त्यांना फार आवडली होती. कोणाची होती, असं त्यांनी विचारलं. जीएम साहेबांसमोर दोनच उत्तरं होती. एक, आम्ही चुकून सोफ्यावर बसून राहिलो. दोन, पर्सोनेलमधल्या एका मुलीची. त्यांनी दुसरं दिलं.

दोन गोष्टी झाल्या. मॅनेजर लोकांना मॉक ड्रिल सक्तीची झाली, आणि त्यांच्या हजेरीचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या ड्रिलला कर्णिक साहेब विंड सॉक शोधत ॲडमिन बिल्डिंगला दोन चकरा मारून आले. मी त्यांना उशिरा लिहिलं.

महिन्याअखेरीस त्यांनी मला कन्फर्मेशनचं पत्र दिलं.

"तुमच्या रिपोर्टमध्ये मी 'बोलत नाही' असं लिहिलं होतं," ते म्हणाले. "ते खोडावं लागलं."

"थँक यू, सर."

"आता बोलता त्यापेक्षा थोडं कमी बोललात तरी चालेल."

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. तिथेही ॲन्युअल डे माझ्याकडेच येतो. बँड ठरवताना मी गाणी कोणती, कपडे कोणते, हे विचारत नाही. तुमच्याकडे सायरन आहे का, एवढंच विचारते. बँडवाले हसतात. मी उत्तर येईपर्यंत थांबते.